पाइपाचं कुबड

"मॅडम, साइटवर बायांना संडास असतो का?"

प्रश्न मी विचारला, पण तो विचारायला लावला योगिता आणि स्वप्नानं. इंजिनियर मॅडम शाळेत येणार हे कळलं तेव्हाच दोघींनी पैज लावली होती, की हे विचारून दाखव, ओली भेळ आमच्याकडून. मी म्हणाले दोन प्लेट. त्या लगेच हो म्हणाल्या, कारण मी विचारणार नाही याची त्यांना खात्रीच होती. त्यांचंही बरोबर होतं म्हणा. अकरावीपर्यंत मी हजेरीला 'हजर' म्हणायचे ते शेजारच्या बाकापर्यंतच पोचायचं. मग यंदा दिवाळीनंतर फिजिक्सच्या तोंडी परीक्षेत मला पैकीच्या पैकी मिळाले, आणि कळलं की उत्तर माहीत असलं तर आवाज आपोआप निघतो. तेव्हापासून माझं तोंड जरा जास्तच चालतं. घरी सुभद्रा काकू म्हणते, "वने, रेडिओ बी दमून बंद पडतो की गं."

तर प्रश्न विचारला आणि मॅडमसाठी एका वर्गात जमवलेल्या साठ पोरींनी माझ्याकडं माना वळवल्या. फिजिक्सच्या हनुमान सरांनी आधी हातातल्या खडूकडं बघितलं, मग छताकडं. फळ्यावर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'मुलींनो, इंजिनियर व्हा'.

ढाकणे मॅडम हसल्या नाहीत. त्या केजच्या, गावोगावच्या पाणीपुरवठ्याच्या कामावर असतात. पायात बूट होते आणि बुटांना चिखल होता, एवढं मी आधीच बघून ठेवलं होतं.

"नसतो," त्या म्हणाल्या. "माझ्या पहिल्या साइटवर आठ महिने नव्हता. मी सकाळी घरनं निघताना पाणी प्यायचं सोडलं होतं. मग दवाखान्यात जायची वेळ आली. त्यानंतर कुठलंही काम असो, नकाशात पहिली खोली मी तीच काढते. आधी तिचं बांधकाम, मग बाकीचं. नाव काय तुझं?"

"वनमाला."

"तुमच्या शाळेत आहे का, वनमाला?"

"हाय ना मॅडम. पाणी न्हाई त्यात." घाईत घरची भाषा आली तोंडात.

"टाकीत पाणी कमी पडतं," सर म्हणाले.

"टाकी तर रोज सकाळी उतू जाती, सर," योगिता मागून म्हणाली. आता तिलाही जोर आला होता.

दारात शिपाई आसाराम मामा उभे होते. ते म्हणाले, "मॅडम, नळाला पाणी येतंय. मी रोज सकाळी सात वाजता सोडून बघतो. या पोरींना रडायची सवय हाय."

"न्हाई येत मामा. तुमी मधल्या सुट्टीत बघा की."

"मी तिथं मधल्या सुट्टीत कसा येऊ, पोरींच्यात?"

सगळ्या हसल्या. मॅडमनी मात्र डायरीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "मी पुढच्या शुक्रवारी परत येतेय. तोवर मला कारण शोधून द्या. दुरुस्ती करू नका, फक्त कारण. मामा म्हणतात येतं, तुम्ही म्हणता येत नाही. दोघंही खरं बोलताय असं धरून चाला."

"शोधलं तर काय मिळल?" स्वप्नानं विचारलं.

"कारण मिळेल," मॅडम म्हणाल्या आणि गाडीत बसल्या.

संध्याकाळी फाट्यावर मी दोन प्लेट भेळ खाल्ली. त्यातली अर्धी स्वप्नानंच संपवली.

आता माझ्या फॉर्मचं सांगते, कारण खरा पेच तिथंच होता. आम्ही मेंढरंवाले. आबा आणि माय दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघतात ते पाऊस पडल्यावर परत येतात. शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवायची, त्यांना खत मिळतं, आपल्याला दाणे मिळतात, मग पुढचं रान. मी जन्मलेही असल्याच एका रानात, म्हणून वनमाला. शाळेसाठी मी लिंबागणेशच्या बाजूच्या आमच्या गावात सुभद्रा काकूकडं राहते. बारावीनंतर मी नर्सिंगला जायचं, हे आबानं आणि काकूनं फोनवर ठरवून टाकलं होतं. मला गणित आवडतं हे दोघांनाही माहीत होतं, पण गणित आवडणं हे त्यांना चिंच आवडण्यासारखं वाटायचं. प्रवेश परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख मॅडम परत येणार त्या शुक्रवारनंतरच्या सोमवारची होती. एकदा फॉर्म गेला की गेला.

स्वप्ना म्हणाली, "दोन्हीचे भर की."

मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण मला मी माहीत आहे. दोन्ही भरले असते तर आबाला वाईट वाटू नये म्हणून शेवटी नर्सिंगलाच गेले असते, आणि जन्मभर म्हणाले असते, नशीब.

रविवारी मी वाड्यावर गेले. आमच्यात वाडा म्हणजे माळवदाचं घर नव्हे, तर रानातला मुक्काम. जाळीचं कुंपण, त्यात मेंढरं, बाजूला तीन दगडांची चूल आणि घोड्यावरून उतरवलेलं सामान. या खेपेला मुक्काम पालीजवळ, धरणाच्या खालच्या अंगाला होता. मांजरसुंब्यापर्यंत जीप, तिथून एसटी, मग पायी. जाऊन बघते तर आबा एका मेंढीपाशी बसला होता. जनावरांचे डॉक्टर सुई लावून निघून गेले होते आणि सलाईनची बाटली आबाच्या हातात होती.

"आलीस? धर ही," आबानं बाटली माझ्याकडं दिली. ना कशी आहेस, ना जेवलीस का.

मी बाटली धरून सांगायला सुरुवात केली. मॅडम, बूट, संडासाचा प्रश्न, सगळं.

"बापयांम्होरं इचारलंस?" आबा म्हणाला.

"फक्त हनुमान सर होते. आन् आसाराम मामा."

"त्ये बापय न्हाईत का मंग?"

माय भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी उलटून ती म्हणाली, "बरं झालं इचारलंस. मला वीस वरसं झाली रानोमाळ हिंडायला, मला कुणाला इचारायचं तेच कळलं न्हाई."

 आबा मेंढीचे कान चाचपत बसला.  मग मी म्हणाले, "आबा, मला इंजिनियरिंगला जायचंय."

"कावून?"

"आवडतं म्हणून."

"मी बघितल्यात इंजिनियर," आबा म्हणाला. "चौपदरी रस्ता केला तवा आलते टोप्या घालून. मधी ह्यो कठडा घातला. आता समोरच्या रानात जायला मेंढरं दीड कोस हाकलीत न्यावी लागत्यात. मी इचाराया गेलतो, तर म्हणला, बाबा, बाजूला हो, गाडी येतीय. इंजिनियर म्हंजी मेंढरं बाजूला करणारा मानूस. तुला त्यांच्यात जायचंय? नर्स झालीस तर लोक हात जोडून दारात येतील. आन् तितं पोरींची संगत बी आसती."

 कठडा मीही बघितला होता. गेल्या साली एक कोकरू तिथंच गेलं होतं.

"वनी, बाटली वर धर," आबा म्हणाला. "थांबलं बघ."

बोलता बोलता माझा हात खाली आला होता. बाटली मेंढीच्या पाठीएवढ्या उंचीला आली होती आणि थेंब पडायचे थांबले होते. मी कोपर उचलून हात जरा वर केला. तरी थेंब पडेना.

"नळीला कुबड आलंय. ते बघ, तुझ्या कोपरावरनं वर गेली नळी. बाटलीच्या बी वर. पानी काय डोंगर चढतं का?" आबानं माझ्या कोपरावरची नळी खाली घेतली, सरळ केली, बोटानं टिचकी मारून आतली हवा काढली. थेंब पडायला लागले.

मी तशीच उभी राहिले. आबा म्हणाला, "काय झालं?"

"आबा, आमच्या शाळेचा पाइप."

"काय त्याचं?"

"त्याला कुबड आहे."

ते कुबड मी दोन वर्षं रोज बघत होते. पाण्याची काळी टाकी विटांच्या ओट्यावर आहे. तिथून पाइप निघतो, बाजूच्या फाटकावरून कमानीसारखा उंच जातो आणि पलीकडं मुलींच्या संडासाकडं उतरतो. रंगबिंग देऊन छान केलाय. त्याच्याखाली उभं राहून आम्ही फोटोसुद्धा काढलेत.

सोमवारी मी सकाळी सातलाच शाळेत गेले. योगिताला आणि स्वप्नालाही ओढून नेलं, दोघी जांभया देत होत्या. आसाराम मामांनी मोटर बंद केली, नळ सोडला, आणि नळाला पाणी आलं. चक्क धार.

"बघा," मामा म्हणाले. "आता कोण खोटं?"

"कुणीच न्हाई मामा. शिडी द्या."

आता टाकीत पाणी कुठवर आहे ते बाहेरून कसं कळणार? टाकी काळी. झाकण उघडायचं तर वर चढावं लागतं आणि मामा चढू देईनात. पण मेंढीचं पोट फुगलं की आबा कुशीवर बोटं वाजवून बघतो, वारं कुठवर आहे ते आवाजावरून कळतं. मी ओट्यावर उभी राहून टाकी तशीच वरपासून खालपर्यंत वाजवत आले. रिकामी असते तिथं ढमढम, पाणी असतं तिथं ठप्प. जिथं आवाज बदलला तिथं खडूनं रेघ मारली. सातला रेघ अगदी गळ्यापाशी. मग शाळा भरली, मुलांनी तोंडं धुतली, बाटल्या भरल्या, बागेला पाणी गेलं. साडेअकराला मधल्या सुट्टीत परत वाजवलं तर रेघ टाकीच्या निम्म्याखाली. योगितानं सुतळीला दगड बांधून कमानीच्या टोकाची उंची मोजली, स्वप्नानं रेघांची. कमानीचं टोक सकाळच्या रेघेच्या खाली होतं आणि सुट्टीतल्या रेघेच्या वर. वीतभर नव्हे, चांगलं हातभर वर.

पाणी कमानीच्या खाली गेलं की कमानीत हवा शिरते आणि पुढचं पाणी चढत नाही. म्हणजे मामा सातला खरं बोलत होते आणि आम्ही साडेअकराला. कारण सापडलं. पण मग मला आणखी एक कारण हवं होतं.

"मामा, पाइप असा वर कुणी नेला?"

मामांनी आजूबाजूला बघितलं. "तुला कशाला पायजे?"

"मॅडमना सांगायचंय."

"मग माझं नाव सांगू नको," मामा म्हणाले आणि सगळं सांगून टाकलं. आधी पाइप सरळ होता, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर. सगळे खाली वाकून जायचे. पोरी, मास्तर, मामा स्वतः, कुणाला त्याचं काही नव्हतं. मग दोन वर्षांपूर्वीच्या सव्वीस जानेवारीला संस्थेचे अध्यक्ष विजयसिंहराव झेंड्याला आले. त्यांची गाडी बाजूच्या फाटकाशी लागते. ते ताठ चालत आले आणि फेटा पाइपात अडकला.

"पार सुटला," मामा म्हणाले. "झेंड्याच्या आधी फेटाच फडकला. दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावून पाइप वर नेला. फेट्यासकट उंची मोजून, वर हातभर जास्त. कोण म्हणणार, का नेता म्हणून?"

स्वप्ना हसून हसून फाटकाला टेकली. मी हसले नाही, म्हणजे थोडी हसले. मग मला दहावीतली एक गोष्ट आठवली. त्याच जानेवारीनंतर आमच्या वर्गातल्या पोरी महिन्यातले चार-चार दिवस घरी राहायला लागल्या होत्या. गणिताच्या सरांनी तर सगळ्यांसमोर विचारलंही होतं, की पोरींना एवढी कसली पाळीपाळीनं लग्नं असतात. आम्ही खाली मान घालून बसलो होतो.

शुक्रवारी ढाकणे मॅडम आल्या. आणि हनुमान सरांनी, पाहुण्या दुसऱ्यांदा येताहेत म्हणून सत्कार ठेवला होता, आणि सत्काराला विजयसिंहरावांना बोलावलं होतं. ते फाटकातून आले. डोक्यावर फेटा, केशरी. कमानीखालून जाताना वर बघितलं आणि खूश झाले.

मी सरांना आधीच सांगून ठेवलं होतं काय बोलणार ते. सरांनी मला बाजूला घेतलं. "वनमाला, पाइपाची उंची सांग. कुणासाठी नेला ते कशाला सांगतेस? तुझे प्रॅक्टिकलचे मार्क अजून बोर्डाकडं जायचेत." ते दटावत नव्हते, काळजीनंच म्हणत होते. सर चांगले आहेत, फक्त घाबरतात. मीही घाबरले.  पण मॅडमनी कारण मागितलं होतं, आणि अर्धं कारण हे कारण नसतं.

मी फळ्यावर टाकी काढली, कमान काढली, दोन रेघा काढल्या. सलाईनच्या नळीचं सांगितलं, टाकी वाजवल्याचं सांगितलं. मॅडम वाकून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "बरोबर. पण पाइप वर का नेला?"

 आसाराम मामा दारातून नाहीसे झाले.

"साहेबांचा फेटा अडकला होता म्हणून," मी म्हणाले.

विजयसिंहराव खुर्चीत सरळ झाले. "म्हणजे माझ्या फेट्यानं पोरींचं पाणी अडवलं, असं म्हणणं आहे तुझं?"

"फेट्यानं नाही साहेब. कुबडानं. ते करताना तिथं एखादी पोरगी असती, तर तिनं विचारलं असतं की पाणी कसं येईल. कुणी नव्हतं."

"कुणाची तू?"

"बंकट मेंढरंवाल्यांची."

"बंकटची?" त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "माझ्या रानात दोन वर्षं बसवली त्यानं मेंढरं. तो तर तोंडातून शब्द काढत नाही." मग जरा वेळानं फेटा काढून मांडीवर ठेवला. "बरं. मग काय, मी वाकून येऊ आता?"

"वाकायचं काम नाही. पाइप जमिनीखालून न्यायचा. फेटाही जातो, पाणीही जातं."

"किती खोल?" हे मॅडमनी विचारलं.

मी खडू खाली ठेवला. "ते मला माहीत नाही."

"ते चार वर्षं शिकवतात," मॅडम म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या. सरांच्या फळ्यावरच्या 'इंजिनियर व्हा'पेक्षा मला ते जास्त पटलं.

शनिवारी गवंडी आला. विजयसिंहरावांनी स्वतः उभं राहून चर खणून घेतला आणि गवंड्याला तीनदा सांगितलं की हे माझ्या डोक्यात आधीच होतं. असू दे. दुपारी शेवटच्या तासानंतर मी, योगिता आणि स्वप्ना नळापाशी गेलो. सोडला. आधी खोकल्यासारखं झालं, मग पाणी आलं. स्वप्नानं उगाचच तीनदा हात धुतले.

आणि आज रविवार. मी परत वाड्यावर आले. मेंढरं आता कठड्याच्या पलीकडच्या रानात आहेत, म्हणजे आबा आणि माय तो दीड कोस चालून आलेत. मी फेट्याचं सांगितलं तेव्हा आबा इतका हसला की घोडं बिचकलं.

"इजयसिंगरावाला म्हणलीस? तोंडावर?"

"सरळ म्हणले."

"पुढच्या साली रानात बसू द्यायचा न्हाई त्यो."

"देईल. फेटा काढून ठेवला त्यांनी."

आबा डोळे पुसत म्हणाला, "ते कुबड मीच दावलं तुला."

"तेच तर सांगितलं मी सगळ्यांना."

मायनं ताटलीत भाकरी आणि पिठलं दिलं. आबानं विचारलं, "मंग, उद्या आखरीची तारीख ना? नर्सिंगचा फारम भरायलीस न्हवं?"

मी घास ताटलीत ठेवला. येताना एसटीत तीन वेळा पाठ केलं होतं, त्यातलं एकही वाक्य आठवेना.

"आबा, कठडा घातला तवा तितं मेंढरंवालं कुणी न्हवतं. पाइप वर नेला तवा पोरगी न्हवती."

"मंग तू एकटी जाऊन काय करशील?"

"इचारीन. पहिल्याच दिवशी. मेंढरं कुठनं जाणार म्हणून."

"आन् न्हाई ऐकलं तर?"

"दुसऱ्या दिवशी बी इचारीन. मला बोलायला किती लागतं ते काकूला इचारा."

माय चुलीतलं लाकूड मागं ओढत म्हणाली, "तितं बायांना जागा आसंल का पर?"

"नसली तर नकाशात पहिली खोली तीच काढीन, माय."

मायनं मान हलवली. आबा मेंढरांकडं बघत राहिला. काठी या हातातून त्या हातात घेतली. तो हो म्हणेल म्हणून मी थांबले नाही, नाही म्हणेल म्हणूनही नाही. आवाज बराच चांगला निघाला. पलीकडच्या मेंढीनंही मान वर केली.

"आबा, माय, मी उद्या इंजिनियरिंगचा फॉर्म भरणार हाय. एकच भरणार. नर्सिंगचा न्हाई."